कॉम्प्युटर म्हणतो ‘कार्ड सपोर्ट करत नाही’, तेव्हा काय करायचं?

मार्चच्या शेवटी, लग्नाच्या तारखा सुरू व्हायच्या आत, शेजारच्या गावचा एक पोरगा एसटीत मांडीवर कॅबिनेट धरून माझ्या दुकानात आला. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग घरीच करायचं म्हणून त्यानं जुन्या पार्टांतून मशीन जुळवली होती. तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, एच-६१ चा मदरबोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’ म्हणतो), आठ जीबी रॅम आणि नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेलं सेकंडहँड आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. कार्डाचे पैसे कापसाच्या चुकाऱ्यातले.

"भाऊ, कार्ड तं बसवलं, पंखे बी फिरून राहिले. पण ड्रायव्हर टाकला का स्क्रीन काळी होते. दुकानदार म्हणते, हे कार्ड तुमच्या मशीनले सपोर्टच नाही करत."

यवतमाळकडच्या दिग्रस-दारव्हा पट्ट्यात मी अशी बरीच कार्डं पाहिली आहेत. लोक ती तशीच गुंडाळून ठेवतात किंवा निम्म्या किमतीत परत देतात. त्यांतली पुष्कळशी चांगली असतात. ‘सपोर्ट नाही’ या एका वाक्याखाली वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. दुखणं कुठलं ते ओळखायला एकच प्रश्न पुरतो.

स्क्रीन नेमकी कधी जाते?

मशीन सुरू करा आणि घड्याळ घेऊन बसा. अगदी सुरुवातीपासून काहीच दिसत नसेल, कंपनीचा लोगोसुद्धा नाही, तर भानगड वायर, मॉनिटर, पॉवर किंवा बोर्डाची आहे. ड्रायव्हरशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, तिचा संबंध नाही, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही. लोगो दिसतो, विंडोजही उघडतं, पण सगळं मोठं-मोठं आणि फाटल्यासारखं दिसतं? मग बोर्डानं कार्ड स्वीकारलं आहे, ड्रायव्हर तेवढा नाही. ड्रायव्हर बसता बसता किंवा बसल्यावर लगेच काळं होत असेल, तर कार्डाच्या आतला बायोस (कार्ड सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा पॉवर तपासायची. आणि सगळं नीट चालून दहा-पंधरा मिनिटांनी मशीन बंद पडत असेल, तर पॉवर किंवा उष्णता.

हे कागदावर लिहा. मेकॅनिकला फोन करायचा झाला तरी तो हेच विचारेल.

काहीच दिसत नसेल तर

आधी वायर बघा. मॉनिटरची केबल कार्डाच्या मागे लावायची, बोर्डाच्या मागे नाही. नवीन माणसाच्या हातून ही चूक हमखास होते.

दुसरं, आपल्याकडे अजून निळ्या व्हीजीए पिनेचे जुने मॉनिटर भरपूर आहेत. कार्डाच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एएमडीनं २०१३ च्या आर-९ २९० पासून आणि एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल देणंच बंद केलं. त्यामुळे डीव्हीआय ते व्हीजीए हा स्वस्तातला नुसता जोड या कार्डांवर कधीच चालणार नाही. त्याच्यात सिग्नल बदलायची चिप नसते. एचडीएमआय ते व्हीजीए हा चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. निव्वळ या जोडापायी चांगलं कार्ड ‘मेलेलं’ ठरलेलं मी पाहिलं आहे.

मग कार्ड काढून पुन्हा बसवा. मशीनची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मगच कार्डाला हात घाला. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की अंगातली स्थिर वीज चिपला भोवू शकते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथंच थांबा आणि आधी घराची अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

पॉवरचा हिशोब

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात कार्डं यामुळेच जास्त जातात.

बोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनेची जादा वायर ७५ देते, आठ पिनेची १५०. जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅट खातं, जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅट, म्हणजे ही दोन्ही बहुतेक वेळा नुसत्या स्लॉटवर चालतात. आरएक्स ५८० ला मात्र १८५ वॅट लागतात.

आता त्या पोराचा हिशोब करू. कार्ड १८५, तिसऱ्या पिढीचा आय-५ ७७, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून आणखी तीस-चाळीस. म्हणजे भर कामात तीनशे वॅट. त्याच्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर, ‘४५०’ असं ठळक छापलं होतं, पण बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर होते. १२ गुणिले १८, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जगतात ते या १२ व्होल्टवर. दर्शनी आकडा बाजूला ठेवा आणि हा रकाना वाचा.

त्या एसएमपीएसला आठ पिनेची वायरही नव्हती. म्हणून कुणीतरी त्याला हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून आठ पिन करणारा जोड दिला होता. साटाच्या पिना १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर पेलतात, म्हणजे ५४ वॅट. तिथून दीडशे वॅट ओढले तर प्लास्टिक वितळतं, आणि शेजारी जिनिंगची रुई उडत असेल तर पुढचं सांगायला नको. हा जोड वापरू नका. कुणी फुकट दिला तरी नको. ज्या एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनेची वायर थेट निघते, तोच घ्या.

लेबलवर आणखी एक गोष्ट बघा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर उत्तम. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज पडतं, आणि त्या वेळी कमी पल्ल्याचा एसएमपीएस एडिटिंग सुरू असतानाच मान टाकतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. तीनशे वॅटच्या मशीनला तो चालेल, पण त्याच यूपीएसवर मॉनिटर, राऊटर आणि टेबलफॅन टाकला तर लाईन गेल्या क्षणी सगळं एकदम बंद.

बोर्ड आणि कार्डाची ओळख

पॉवर ठीक, केबल ठीक, तरी अंधार? मग बोर्डाचा काळ आणि कार्डाचा काळ जुळतो का ते बघायचं. जुने बोर्ड जुन्या पद्धतीनं, म्हणजे लेगसी बायोसनं सुरू होतात, नवे यूईएफआयनं. कार्डाच्या आतही एक छोटा बायोस असतो, आणि जुन्या कार्डात यूईएफआयचा भाग नसतो. असं जुनं कार्ड नव्या बोर्डावर लावलं आणि बोर्डातलं सीएसएम (जुनी पद्धत चालवून घेणारी सेटिंग) बंद असलं, तर लोगोसुद्धा दिसत नाही. सीएसएम चालू करा, कार्ड दिसेल. पण विंडोज यूईएफआय पद्धतीनं टाकलेलं असेल तर बूटच्या क्रमात यूईएफआयलाच पहिलं ठेवा, नाहीतर डिस्क सापडणार नाही. विंडोज ११ चं सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, सीएसएम चालू असताना चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उलटही होतं. एच-६१ सारख्या जुन्या बोर्डावर अगदी नवं कार्ड लावलं तर काही बोर्ड ते ओळखत नाहीत. अशा वेळी बोर्ड कंपनीच्या साईटवरून बोर्डाचा शेवटचा बायोस टाकून बघता येतो.

ही सेटिंग बदलायला आधी स्क्रीन तर दिसली पाहिजे. त्यासाठी कार्ड काढा आणि केबल बोर्डाला लावा. इथं प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, जसं आय-३ १०१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं आणि बोर्डाच्या मागून काही दिसणार नाही. रायझनच्या १००० ते ५००० मालिकेत जी नसलेल्या प्रोसेसरचंही तसंच. अशा मशीनसाठी कुणाकडून तरी एखादं जुनं चालतं कार्ड तासाभरापुरतं मागून आणा.

इंटेलची आर्क कार्डं दहाव्या पिढीच्या आधीच्या मशीनवर घेऊ नका. त्यांना रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय, लागतो; तो नसला की वेग फार पडतो.

कार्ड खरंच तेच आहे का?

स्क्रीन दिसली, विंडोज उघडलं. ड्रायव्हर शोधायच्या आधी कार्डाची ओळख पटवा. खोक्यावरचं नाव, स्टिकर, दुकानदाराचं बोलणं, यांतलं काहीही पुरावा नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अॅडॉप्टर्समध्ये जा, कार्डावर डबल क्लिक करा, डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडीज निवडा. व्हेंडरच्या जागी १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. त्यापुढचा डिव्हाइसचा चार अक्षरी आकडा इंटरनेटवर शोधला की चिपचं नाव निघतं. कार्ड नुसतं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ म्हणून दिसत असलं तरी हा आकडा मिळतो.

मग जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. बाजारात जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या फार जुन्या कार्डांवर बायोस बदलून ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असं नाव चढवून विकतात. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं लिहून दाखवतं. ते दिसलं तर पुढं वेळ घालवू नका, कार्ड परत करा. आरएक्स ५८० मध्येही दोन प्रकार आहेत: मूळ कार्डात २३०४ कोअर, आणि ‘२०४८ एसपी’ मध्ये नावाप्रमाणे २०४८. दुसरं वाईट नाही, पण किंमत देताना माहीत पाहिजे.

विकत घ्यायच्या आधी हे वाचत असाल तर एक कळकळीनं सांगतो. व्हिडिओचं काम करायचं असेल तर आरएक्स ६५०० एक्सटी आणि जीटी १०३० घेऊ नका. दोन्हींत व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओची फाईल तयार करणारा भाग, नाही. तीन तासांचं लग्न एक्सपोर्ट करायला लावलं की कार्ड हात बांधून बसतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो.

ड्रायव्हर: शेवटचा, सगळ्यात नवा नव्हे

इन्स्टॉलरनं ‘कंपॅटिबल हार्डवेअर सापडलं नाही’ असं म्हटलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच की तुम्ही घेतलेल्या नव्या ड्रायव्हरच्या यादीत तुमचं जुनं कार्ड नाही. तुमचं कार्ड ज्या यादीत शेवटचं होतं, तो ड्रायव्हर घ्यायचा.

एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी, म्हणजे जीटी ४३०, जीटीएस ४५०, जीटीएक्स ५५० टीआय वगैरे, शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर ३९१.३५, २०१८ चा. केप्लर पिढीला, म्हणजे जीटी ७१०, जीटीएक्स ६५०, ६६०, ७६० यांना ४७० ची मालिका. त्यांचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबला आणि नुसत्या सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत आल्या. जीटी ७३० फसवं आहे, या एकाच नावानं फर्मी आणि केप्लर दोन्ही विकली गेली, तेव्हा वर सांगितलेला हार्डवेअर आयडी बघूनच ठरवा. जीटीएक्स ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, १०६० यांचा पूर्ण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये ५८० मालिकेवर संपला. सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत, म्हणून ही कार्डं अजून बिनधास्त वापरा. एएमडीच्या एचडी ७७५०, आर-७ २५०, आर-९ २७०, आर-९ ३८० यांचा सपोर्ट जून २०२१ मध्ये थांबला, त्यांना २०२२ मध्ये आलेला २२.६.१ लावा. आरएक्स ४७० ते ५८० ला हे करावं लागत नाही.

ड्रायव्हर कंपनीच्याच साईटवरून घ्या, हातानं मालिका आणि मॉडेल निवडून. जुन्या ड्रायव्हरच्या नावानं भलतंच काही देणाऱ्या साईट पुष्कळ आहेत.

टाकायची पद्धत अशी. ड्रायव्हर आणि डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, दोन्ही आधी डाउनलोड करून ठेवा. मग नेट बंद करा. मोबाईलचा हॉटस्पॉट असेल तर तोही. नाहीतर तुम्ही जुनं काढेपर्यंत विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा, मशीन परत सुरू करा, आणि नेट बंद असतानाच नवा ड्रायव्हर बसवा. मग विंडोजनं पुन्हा स्वतःहून ड्रायव्हर आणू नये म्हणून डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ‘नो’ निवडा.

तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलं तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलाच नाही. कोड १२ म्हणजे जागा कमी पडली. बोर्डाच्या बायोसमध्ये ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’ ही सेटिंग असेल तर चालू करा. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही पटली नाही. आणि कोड ४३ म्हणजे कार्डानंच अडचण कळवल्यामुळे विंडोजनं त्याला थांबवलं.

कोड ५२ साठी सही तपासणं बंद करायची युक्ती सांगणारे खूप भेटतील. मी ती सांगत नाही. ज्या मशीनवर गावातल्या लोकांचे सातबारे, आधारच्या प्रती आणि बँकेची कामं होतात, त्यावर कुणीतरी हात घातलेला ड्रायव्हर बसवणं मला पटत नाही.

मायनिंगवालं कार्ड

आता त्या पोराच्या कार्डाकडे येऊ. लोगो दिसत होता, विंडोज उघडत होतं, ड्रायव्हर बसला की काळं. एसएमपीएस बदलून पाहिला, तरी तेच.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनानं मायनिंगची, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून नाणी कमवायची, पद्धतच सोडली, आणि दिवसरात्र राबलेली आरएक्स ४७०, ५७०, ५८० कार्डं ढिगानं सेकंडहँड बाजारात आली. मायनिंग करणाऱ्यांनी मेमरीचा वेग वाढवायला कार्डाचा बायोस बदललेला असतो. एएमडीचा ड्रायव्हर त्या बायोसची सही तपासतो, ती जुळत नाही आणि तो कार्ड चालवायला नकार देतो. लोक याला ‘सपोर्ट नाही’ म्हणतात. कार्डाला काही झालेलं नसतं.

पहिला उपाय अगदी सोपा. बऱ्याच आरएक्स कार्डांच्या वरच्या कडेला नखाएवढं बटण असतं, कारण आत दोन बायोस असतात. मशीन बंद करून, पिन काढून, ते पेनाच्या टोकानं दुसऱ्या बाजूला सरकवा. त्याचं कार्ड एवढ्यानंच सुरू झालं. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही, नुसता स्क्रीनकडे पाहत राहिला.

बटण नसेल किंवा दोन्ही बाजूंचा बायोस बदललेला असेल, तर मूळ बायोस परत चढवावा लागतो. जीपीयू-झेडमधून सध्याचा बायोस आधी पेनड्राइव्हवर जपून ठेवा. तो सदोष असला तरी परतीची वाट तीच आहे. जीपीयू-झेडमध्येच मेमरी कुणाची आहे ते दिसतं: सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन किंवा एल्पिडा. टेकपॉवरअपच्या बायोस संग्रहातून तीच कंपनी, तेच मॉडेल, तेवढेच जीबी आणि तीच मेमरी असलेली फाईल घ्या. चारपैकी एक जरी जुळत नसेल तर ती फाईल तुमची नाही. मग एएमडीच्या व्हीबीफ्लॅशनं ती चढवा.

फ्लॅशिंगला, म्हणजे बायोस चढवायला, एखाद-दोन मिनिटं लागतात, पण त्या वेळात लाईन गेली तर कार्डाचा बायोस अर्धवट राहतो. म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासा: मशीन सुरू ठेवून भिंतीचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं तग धरते का बघा. आभाळ आलं असेल, वारा सुटला असेल, तर त्या दिवशी हात लावू नका. आणि बिघडलंच, तर बोर्डाच्या ग्राफिक्सवर मशीन सुरू करून पुन्हा फ्लॅश करता येतं. म्हणूनच एफवाल्या प्रोसेसरवर हे काम दुसऱ्या कार्डाची सोय असल्याशिवाय करू नये.

पेनड्राइव्हवरचा लिनक्स

कार्ड जिवंत आहे की नाही हे कळेनासं झालं तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉल न करता तिथूनच सुरू करा. एएमडीच्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात आधीपासून असतात. स्क्रीन पूर्ण रिझोल्यूशनमध्ये स्वच्छ दिसली तर कार्ड ठीक आहे, भांडण विंडोजच्या ड्रायव्हरशी आहे. तिथंही चौकोनी ठिपके किंवा रंगीत पट्टे दिसले तर मेमरी गेली असायची शक्यता मोठी. ज्याला नुसतं टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि व्हिडिओ बघायचे आहेत, त्यानं जुन्या कार्डासाठी मिंटच कायम ठेवला तरी चालेल.

मे महिन्याची परीक्षा

ड्रायव्हर बसला म्हणजे काम झालं असं मानू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि एडिटिंगचा भार त्याच महिन्यात असतो. मायनिंगच्या कार्डातली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली असते, ती बदला. पंख्याच्या पात्यांमागे, जाळीत रुईचा थर असतो. तो ब्रशनं काढा आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग जातं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कूलरच्या थेट ओल्या हवेत मात्र ठेवू नका.

मग फरमार्क हे कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा आणि जीपीयू-झेडमध्ये तापमान बघत राहा. ८० च्या आसपास थांबलं तर ठीक. ८५ ओलांडून चढतच राहिलं तर बंद करा आणि पेस्ट, पंखा पुन्हा बघा. परीक्षा दुपारी दोनला घ्या. सकाळी सहाला पास झालेलं कार्ड दुपारी नापास होतं. त्यानंतर तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडलेलं आहे ना ते बघा. प्रीमिअरमध्ये मर्क्युरी प्लेबॅक इंजिन ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ वर राहिलं असेल तर इतक्या खटाटोपानंतरही कार्ड रिकामं बसून राहील.

सगळं जुळलं की एका पेनड्राइव्हवर चाललेला ड्रायव्हर, डीडीयू, कार्डाचा जुना आणि मूळ बायोस आणि जीपीयू-झेडचा फोटो ठेवा. ड्रायव्हरची फाईल मोठी असते, आणि गावात टॉवर गेला असताना ती परत उतरवायची वेळ येते ती नेमकी कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ द्यायच्या आदल्या रात्री. त्या पोराच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवून दिला. त्यावर ड्रायव्हरचा नंबर, पेस्ट बदलल्याची तारीख, बायोसचं बटण कुठल्या बाजूला आहे त्याचा बाण, आणि खाली मोठ्या अक्षरांत: साटाचा जोड परत लावू नये.